पाठीवरची पांढरी पट्टी

"तुम्ही नेहमी अशाच बसता का?"

दुकान माझं, मशीन माझं, खुर्ची माझी, आणि दारातून आत आलेली एक अनोळखी बाई नमस्कार ना चमत्कार, मला हे विचारते! हातातली कात्री मी मुद्दाम खाली ठेवली. राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आमचे हे पलीकडच्या टेबलावर एका कोटाला इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि गंमत बघायला वळले.

"अशी म्हणजे कशी?" मी विचारलं.

"अशी." आणि त्या बाईनं भर दुकानात माझी नक्कल केली. मान पुढे, खांदे पडलेले, पाठीला पोक. आमचे हे फिस्सकन हसले. घरचाच माणूस असा, तर परक्यांना काय बोलणार?

"मी काय तुमचं घोडं मारलंय का हो?"

"अजून तरी नाही," ती शांतपणे म्हणाली. "पण माझ्याकडे बरेच आहेत."

खरंच होते. गावाबाहेर तिची घोडेस्वारीची शाळा होती. हातात जाकिटांचा हा एवढा गठ्ठा. सगळी काळी. प्रत्येक जाकिटाच्या पाठीवर तिला पांढऱ्या पट्ट्या शिवून हव्या होत्या, एक उभी, मानेपासून कमरेपर्यंत, आणि एक आडवी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. बेरजेची खूण काढतात तशी. मी म्हटलं, हे काय खूळ? तर म्हणाली, "मी रिंगणाच्या एका टोकाला उभी असते. मुलं माझ्याकडे पाठ करून लांब जातात. कोण वाकडं बसलंय ते मला लांबून कळायला हवं. पट्टी सरळ तर माणूस सरळ."

मला हे पटलं, खोटं कशाला बोलू. कामाची अक्कल असलेलं माणूस मला आवडतं, मग ते कितीही आगाऊ असो. मी गठ्ठा ठेवून घेतला. वर तिनं फाटलेल्या झुली दाखवल्या, घोड्यांच्या अंगावर घालायच्या, माझ्या मशीनखालून जातील की नाही असल्या जाड. त्या शिवून द्या म्हणाली, आणि त्याच्या बदल्यात मी तुम्हाला घोड्यावर बसायला शिकवते.

"मला? घोड्यावर?"

"ही? घोड्यावर?" आमचे हे माझ्याही आधी ओरडले. "अहो, घोडा राजीनामा देईल!"

झालं. तिथंच माझं डोकं फिरलं. नाहीतर मी कशाला जात होते? "रविवारी येते," मी म्हणाले, आणि त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मुकाट्यानं इस्त्री उचलली.

रविवारी गेले आणि तोंडचं पाणी पळालं. घोडा आपण लांबून बघतो तेव्हा बेताचा दिसतो. जवळ गेलं की तो भिंतीएवढा असतो, आणि भिंत निदान श्वास तरी घेत नाही. माझ्या वाट्याला आलेली घोडी म्हातारी होती, तपकिरी, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. शाळेतल्या मुली तिला आत्याबाई म्हणायच्या, कारण ती कुणाच्या वेडेपणाला भीक घालत नसे. मुली आता घोड्यासकट अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकत होत्या, त्यांना ती नको होती. मॅडम, म्हणजे ती शाळावाली बाई, स्वतः खुबा मोडल्यापासून घोड्यावर बसत नव्हत्या. म्हणजे आत्याबाई रिकामी आणि मी नवशिकी. जोडी जमवली त्यांनी आमची.

मला वर चढवायला दोन मुली आणि एक स्टूल लागलं. वर बसले, खाली बघितलं आणि माझी बोबडी वळली. हातात लगाम होता, तो मी दोन्ही मुठींनी आवळून धरला.

"तो बसमधला दांडा नाही! लटकू नका त्याला!" मॅडम टोकाकडून ओरडल्या. "खाली बघू नका, जिकडे जायचं तिकडे बघा. टाच खाली. श्वास सोडा. श्वास! मरताय की काय? आणि तो डावा खांदा वर घ्या. डावा. तुमचा डावा!"

मला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. बोलणं माझं काम, ऐकणं दुसऱ्यांचं. पण तिथं वर बसून मी एक शब्द उलट बोलू शकले नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, की माझा सगळा आवाज आहे तो जमिनीवरचा. मुळात मी भित्री. गिऱ्हाईक गरीब असलं की मी वाघ, आणि एखादं बडं गिऱ्हाईक टेबलावर बोटं वाजवायला लागलं की मी मान खाली घालून उसवलेलं परत शिवायला घेते. आयुष्यभर मशीनवर वाकून बसले, ते काही नुसतं शिवणासाठी नव्हतं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. "डावा खांदा! पोक काढा! कुठं बघताय, मातीत काय पेरलंय?" घरी आले की आमचे हे विचारायचे, "घोडा आहे का अजून?" पण मी जायचं सोडलं नाही. त्याला कारण आत्याबाई. मी उतरले की ती मान वळवून माझ्या पोटाशी नाक घासायची आणि एक मोठा उसासा टाकायची. म्हणायची असेल, झालं एकदाचं. मला ते फार आवडायचं. घरी असा माझ्यावर उसासा कुणी टाकला असता तर मी ऐकून घेतला नसता.

मग थंडी पडली आणि मॅडम म्हणाल्या, आता तुम्हीही जाकीट घाला, पट्टीवालं. शाळेतलं एकही माझ्या अंगाला होईना. मी म्हटलं, शिंप्याच्या घरात कपड्यांचा काय तोटा? नवं शिवते.

आणि शिवलं! काळं, अस्तर लावलेलं, कमरेला बेताचं, हात वर केला तरी काखेत न ओढणारं. बाकीच्या जाकिटांना मी टेबलावर पसरून, पट्टी ठेवून खुणा केल्या होत्या. पण स्वतःचं जाकीट मी आमच्या रीतीनं केलं. आमच्याकडे कोट टेबलावर शिवत नाहीत, माणसावर शिवतात. गिऱ्हाईकाच्या अंगावर कच्चा कोट चढवायचा, त्याला म्हणायचं, उभे राहा साहेब, जसे रोज उभे राहता तसे, आणि मग खडू उचलायचा. कुणाचं पोट पुढे, कुणाची पाठ बाहेर, कुणाचा एक खांदा दुसऱ्याहून खाली. ते सगळं कापडात जिरवायचं. कोट घालून माणूस आरशात दिसला की म्हणाला पाहिजे, वा! तर मी मोठ्या आरशासमोर उभी राहिले आणि आमच्या ह्यांनी दोऱ्याला वजन बांधून माझ्या मानेपासून खाली सोडलं, त्याच्या बाजूनं खडूनं रेघ मारली, मग आडवी मारली. मी त्या रेघांवर पट्ट्या बसवल्या. असं नेटकं काम की मॅडमनाही बोट ठेवायला जागा मिळू नये.

त्या रविवारी मी रिंगणात गेले, चढले, मॅडमकडे पाठ केली आणि निघाले. डाव्या खांद्याची हाक आत्ता येईल, मग येईल. आली नाही. टोकाला जाऊन वळून आले तर मॅडम आ वासून माझ्याकडे बघत उभ्या.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही चुकलं. तुम्ही सरळ आहात! एका आठवड्यात? केलंत काय तुम्ही?"

काय करणार? मी काहीच केलं नव्हतं. पण कौतुक नको असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, घरी सराव करते. म्हणजे करत होतेच थोडा, मशीनवर बसता बसता आठवण झाली की खांदे मागे घ्यायची. मला खरंच वाटलं की त्याचंच फळ आहे. मॅडमनी मुलींना बोलावलं आणि म्हणाल्या, "बघा, या वयात हे होतं. शिका जरा." मुलींनी माझ्या पाठीकडे बघितलं. माझी मान जी वर झाली ती घरी पोचेपर्यंत खाली आली नाही.

आणि ते सगळं अंगात उतरायला लागलं. आता मला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं म्हणा, पण वरून दिसत होतं छान! महिन्याभरात मी आत्याबाईला दुडक्या चालीनं पळवायला लागले. पडले नाही. एकदाही पडले नाही. मुली धडाधड पडायच्या, रडायच्या, माती झटकून परत चढायच्या, आणि मी बसलेली, पट्टी सरळ, राणीसारखी.

आमच्याकडे एक बडे गृहस्थ येतात. कोट शिवतात आणि मग महिनाभर मला त्यावरून नाचवतात. इथं घट्ट, तिथं सैल, परत उसवा, परत शिवा. त्या दिवशी आले आणि टेबलावर बोटं वाजवायला लागले, "कोट कमरेत चुकलाय." मी उठले. खांदे मागे घेतले, श्वास सोडला, सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"कोट बरोबर आहे, साहेब. पोट वाढलंय."

आमच्या ह्यांच्या हातातली इस्त्री तशीच वर राहिली. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि म्हणाले, "असं म्हणता?" कोट घेऊन गेले! गेले ते गेलेच, परत उसवायला आले नाहीत. आमचे हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, तू हीच का?"

"घोड्यावर बसून बघा, कळेल," मी म्हणाले.

हे सगळं चाललं असताना आत्याबाई बिघडत चालली होती.

आधी ती खोगीर बघितलं की कान मागे टाकायला लागली. मग पट्टा आवळताना मान वळवून दात दाखवायला लागली. आत्याबाई आणि दात! मुली घाबरल्या. मग चालताना डावीकडे ओढायला लागली. मी सरळ बघतेय, लगाम सरळ, आणि ही सरकतेय डावीकडे, कुंपणाकडे. मॅडमनी आधी रिकिबींचे, म्हणजे स्वारानं पाय अडकवायच्या कड्यांचे, पट्टे बदलले. सगळे स्वार डाव्या बाजूनं चढतात, त्यामुळे डाव्या रिकिबीचा पट्टा ओढून ओढून लांबतो, हा घोडेवाल्यांचा पहिला संशय. पट्टे उलटसुलट केले, फरक नाही. मग खोगीर बदललं. फरक नाही. मी उतरल्यावर ती आता पोटाशी नाकही आणत नव्हती. तोंड भिंतीकडे करून उभी राहायची. माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. उजव्या बाजूला ती गप्प उभी राहिली. डाव्या बाजूला नुसतं बोट टेकलं तर तिची पाठ खाली गेली आणि ती कण्हली. घोडा कण्हतो हे मला माहीत नव्हतं.

"वय झालं," डॉक्टर म्हणाले. "स्नायू धरलेत. या वयात सरळ चालायचं सोडलं की संपलं."

"म्हणजे?" मी विचारलं.

म्हणजे काय ते मॅडमनी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलं. ज्या घोडीवर कुणी बसू शकत नाही तिला शाळा सांभाळू शकत नाही. एक माणूस आहे, तो अशी जनावरं घेऊन जातो. रविवारी सकाळी गाडी येणार.

"तो त्यांचं काय करतो?"

मॅडम खाली बघायला लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना 'खाली बघू नका' सांगणारी बाई!

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. निर्दय म्हणाले, कसाई म्हणाले. त्यांच्या मोडक्या खुब्याचाही उद्धार केला. जाताना फक्त म्हणाल्या, "यायचं असेल तर लवकर या. भेटून घ्या तिला." दारातून बाहेर पडताना त्यांनी डोळे पुसले ते मी बघितलं, आणि मग मला स्वतःचाच राग आला, आणि मग परत त्यांचा आला.

रविवारी सकाळी मी तोंड सुजवून बसले होते. आमच्या ह्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझं जाकीट उचललं. "शेवटचं भेटायला चाललीस, नीट जा," म्हणाले आणि टेबलावर पालथं पसरून इस्त्री तापवली. हात फिरवून त्यांनी पाठ सारखी केली. मग थांबले.

"अगं, ही पट्टी तिरकी आहे."

"काय?"

"तिरकी शिवलीयस तू. दोन्ही."

रडू बाजूलाच राहिलं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी? तिरकी? डोळे तपासून घ्या आधी!" मी उठून टेबलाशी गेले. बघितलं. पट्टी तिरकी होती. मानेपाशी मध्यावर आणि कमरेपाशी बोट-दोन बोटं बाजूला गेलेली. आडवी पट्टी डाव्या खांद्याकडे चढत गेलेली. मी टेप लावली. टेप खोटं बोलत नाही. तिरकी.

"पण हे कसं शक्य आहे? खुणा तर तुम्हीच केल्या होत्या!"

"दोऱ्याला वजन बांधून केल्या होत्या. सरळ केल्या होत्या."

"मग हे काय आहे?"

मी जाकीट अंगात चढवलं आणि आरशाकडे पाठ करून, मान वळवून बघितलं. पट्टी सरळ. अगदी सरळ, आडवीसुद्धा. काढलं, टेबलावर टाकलं, तिरकी. परत घातलं, सरळ. आमचे हे इस्त्री हातात धरून उभे होते. आधी त्यांना कळलं. त्यांचा चेहराच सांगत होता. मग मला कळलं.

जाकीट तिरकं होतं ते माझ्या मापाचं होतं म्हणून. मी वाकडी उभी होते आणि आम्ही दोघांनी मिळून, आयुष्यभराच्या सवयीनं, ते वाकडेपण कापडात जिरवून टाकलं होतं. साहेबांचं पोट जिरवतो तसं. आरशात दिसलं पाहिजे, वा! मॅडम इतके महिने ज्या सरळ पट्टीचं कौतुक करत होत्या, तिच्या आत मी होते तशीच होते, डावीकडे कललेली. आणि माझ्याखाली...

"अहो," मी म्हणाले, "तिची डावी बाजू दुखतेय. डावी." मी जाकीट ओरबाडून काढलं. "तिला मी मोडलंय हो!"

त्यांनी इस्त्रीची वायर ओढून काढली, दुकानाचं शटर खाली खेचलं आणि स्कूटर बाहेर काढली. त्या माणसानं एवढ्या जोरात स्कूटर कधी चालवली नव्हती.

पोचलो तेव्हा गाडी आली होती. मागचं फळकूट खाली टाकलेलं, ड्रायव्हर त्याच्यावर बसून चहा पीत होता. मॅडम दोरी धरून आत्याबाईला अंगणातून आणत होत्या.

"थांबा!" मी स्कूटर थांबायच्या आत उडी मारली. "तिला चढवू नका! तिचा काही दोष नाही! मी वाकडी आहे!"

ड्रायव्हरनं आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली, म्हणजे हो, खरं बोलतेय.

मी जाकीट मॅडमच्या हातात कोंबलं. "ठेवा ते फळकुटावर. सपाट पसरा. बघा." त्यांनी पसरलं. कपाळाला आठ्या पडल्या. "ही पट्टी तिरकी आहे." मी जाकीट हिसकावून घेतलं, घातलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. "आता?"

मागून अगदी हळू आवाज आला, "अरे देवा."

त्यांनी मला आत नेलं. तिथं खोगिरं ठेवायचा लाकडी घोडा असतो, चार पायांचा ओंडका. जाकीट काढून मला त्याच्यावर बसवलं. "बसा तशाच, रोज बसता तशा." माझ्या मागे उभं राहून त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, मग कमरेवर. हाताखाली त्यांना जे लागलं ते त्यांच्या श्वासावरून मला कळलं. त्यांनी एक पालथी बादली ओढली आणि तिच्यावर मटकन बसल्या.

"मी पट्टी बघत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बघितलंच नाही. पट्टी सरळ दिसली की माझं काम संपलं. इतके महिने मी एका फडक्याला शाबासकी देत होते आणि घोडीला म्हातारी म्हणत होते."

त्यांना शिव्या घालायची ती उत्तम वेळ होती. पण मी त्या जाकिटाची घडी घालत बसले.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. एकाच बाजूला वजन पडून झालं असेल तर गोष्ट वेगळी, ते म्हणत होते. ते उतरतं. वेळ लागेल, पाठीवर कुणी बसायचं नाही, नुसतं हातानं चालवायचं, पण उतरतं. तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मॅडमनी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन ड्रायव्हरला परत जायला सांगितलं. फेरी फुकट गेली म्हणून तो कुरकुरला, फळकूट आदळत बंद केलं आणि गेला. माझ्या जिवात जीव आला. मी त्या लाकडी घोड्यावरच बसून होते.

आणि माणसाचा स्वभाव बघा. घोडी वाचली, तर मला लगेच स्वतःची आठवण झाली. मॅडम आत आल्या तसं मी विचारलं, "पण मॅडम, मी पडले कशी नाही मग? एवढी वाकडी, आणि दुडक्या चालीनं पळवली तिला, तरी एकदाही पडले नाही. म्हणजे थोडं तरी जमलंच ना मला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बाईनं आजवर माझी कधी गय केली नव्हती, पण त्या दिवशी ती अडखळली.

"खरं सांगू?"

"सांगा."

"तुम्ही डावीकडे कललात की ती डावीकडे सरकायची. तुमच्याखाली यायची. प्रत्येक पावलाला. चांगला घोडा करतो असं, नवशिक्या माणसाखाली. आपण म्हणत होतो ती ओढतेय. ओढत नव्हती हो. तुम्हाला पडू देत नव्हती."

मला वाटलं कुणीतरी माझ्या तोंडात मारली. साहेबांसमोर मी छाती काढून उभी राहिले होते, मुलींना माझी पाठ दाखवली होती, नवऱ्याला म्हटलं होतं घोड्यावर बसून बघा. तो सगळा ताठा त्या म्हातारीच्या पाठीवर उभा होता. मी कण्हणं ऐकलं तेव्हाही मला वाटलं नव्हतं की ते माझ्यामुळे आहे.

मी बाहेर गेले. आत्याबाईला अंगणात खांबाला बांधलं होतं, आमचे हे जरा लांबच उभे राहून तिला "घाबरू नकोस" म्हणत होते. मी तिच्या डाव्या बाजूला गेले, तिच्या मानेत तोंड घातलं आणि माझा बांध फुटला. लाज वाटेल इतकं मोठ्यानं रडले. सगळं अंग तिच्यावर टाकलं.

तिनं कान मागे घेतले. पाठ दुखत होती, ते तिच्या कातडीच्या थरथरण्यावरून कळत होतं. आणि तरी तिनं डावा पाय उचलला, एक पाऊल माझ्या बाजूला टाकलं आणि माझं वजन अंगावर घेतलं.

"नको गं! नको, नको," मी ओरडले, झटकन मागे सरले आणि माझ्या दोन्ही पायांवर उभी राहिले. ती तशीच पाय माझ्याकडे टाकून थांबली होती, मी पडते की काय ते बघत.